टांगलेल्या वजनाची वीज

छतावर सौर पॅनेल बसवलेल्या माणसांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो : दुपारची जास्तीची वीज बॅटरीतच कशाला भरायची? त्या विजेने एखादा जड दगड गच्चीपर्यंत चढवावा आणि रात्री हळूहळू उतरवून जनित्र फिरवावं. दगडाला ना ॲसिड लागतं, ना डिस्टिल्ड वॉटर. कल्पना मलाही मोहवते, म्हणून हिशेब मांडून पाहिला.

वजन एक टन, चढ दहा मीटर, म्हणजे साधारण तीन मजले. साठलेली ऊर्जा 98,000 ज्यूल. आकडा भरघोस वाटतो खरा. पण वीजबिलातलं एक युनिट 36 लाख ज्यूलचं असतं! टनभर दगडात जेमतेम 27 वॅट-तास मावतात : नऊ वॅटचा एक दिवा, तीन तास. तोही कप्पी, दोर आणि जनित्र यांतली गळती न धरता. हजार लिटरची भरलेली टाकीही टनभरच, तेव्हा तिचाही हिशेब हाच. उलट इन्व्हर्टरची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरली तरी 0.9 युनिट देते. तेवढ्यासाठी 33 टन दगड टांगावा लागेल. कुठला स्लॅब तो पेलणार?

मग वजनावरची घड्याळं शतकानुशतकं कशी चालली? त्यांची भूक अगदी नगण्य, म्हणून. हेच सूत्र पकडून लंडनच्या मार्टिन रिडिफर्ड आणि जिम रीव्ह्ज यांनी 2012 मध्ये ‘ग्रॅव्हिटीलाइट’ लोकांसमोर आणला. साधारण बारा किलोची पिशवी माणसाच्या उंचीइतकी उचलायची, की वीसेक मिनिटं मिणमिणता उजेड. रॉकेलच्या चिमणीच्या धुरात अभ्यास करणाऱ्या मुलाला तो थोडका नव्हे. पण त्यावर पंखा फिरत नाही.

भूक मोठी असेल तर उंची हवी, आणि ती सह्याद्रीकडे आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वरच्या जलाशयातलं पाणी सुमारे चारशे मीटर खाली कोकणच्या अंगाला सोडतात आणि मागणी उतरली की पंपाने पुन्हा वर चढवतात. क्षमता 250 मेगावॅट. तिथे टनभर पाण्यात एक युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा असते. वजन आपल्या टाकीइतकंच, उंची चाळीसपट.