देवडीवरची खुर्ची

इंग्लंडमधील जमीनदारांच्या ग्रामीण प्रासादांत मुख्य दरवाजातून आत शिरताच जे प्रशस्त प्रवेशदालन लागे, त्याच्या भिंतींलगत महोगनीच्या, गादी नसलेल्या खुर्च्यांची जोडी किंवा अख्खा संच मांडण्याची प्रथा १८व्या शतकात रूढ झाली. ‘हॉल चेअर’ म्हणून ओळखले जाणारे हे आसन यजमानासाठी नव्हते, त्याच्या बरोबरीच्या पाहुण्यांसाठीही नव्हते. निरोप घेऊन आलेला जासूद, कामासाठी ताटकळणारा परका माणूस आणि घरचा नोकर यांनी त्यावर टेकावे, एवढ्यासाठीच ते होते, आणि थॉमस शेरेटन या रचनाकाराने १८०३च्या आपल्या फर्निचरकोशात त्याचा हाच उपयोग नोंदवला आहे. मराठी वाड्यात हे काम देवडी, म्हणजे दरवाजाच्या आतल्या अंगाची पहारेकऱ्यांची जागा, करीत असे. देवडी वास्तूचाच भाग होती. इंग्रज सुताराने मात्र तोच थांबा लाकडात घडवला आणि त्याच्या पाठीवर घराण्याची खूण उमटवली.

ही पाठ नीट पाहण्याजोगी आहे. ती कधी ढालीच्या, कधी अंडाकृती, तर कधी शिंपल्याच्या आकाराची असे, आणि तिच्या मध्यभागी कुलचिन्ह, म्हणजे घराण्याच्या मानचिन्हात शिरस्त्राणावर दाखवली जाणारी आकृती, रंगवलेले असे. बैठक मात्र साध्या फळीची, पुष्कळदा मध्यभागी गोल कातून किंचित खोलगट केलेली असे. पावसाचिखलातून आलेल्या माणसाच्या कपड्यांनी ती खराब होण्याचा प्रश्न नव्हता, फडके फिरवले की भागे. सारी कलाकुसर पाठीवर असल्यामुळे कोणी बसताच ती झाकली जाई, म्हणजे ही खुर्ची रिकामी असतानाच आपले खरे काम करी, आणि तिच्या घडणीतले हेच सर्वांत बोलके वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. तिचे मूळ इटलीतील प्रबोधनकाळच्या ‘स्गाबेल्लो’ या फळीच्या कोरीव आसनात आहे. थॉमस चिपेंडेल या इंग्रज फर्निचरकाराने आपल्या नमुनाग्रंथाच्या १७६२च्या आवृत्तीत अशा खुर्च्यांचे आराखडे दिले, तेव्हा त्या महोगनीच्या किंवा अन्य लाकडाच्या करून रंगवाव्यात, अशी मुभाही ठेवली.

तरी महोगनीच सरस ठरली. रुंद, सहसा न वाकणारी आणि बारीक कोरीवकाम पेलणारी ही फळी १७२१च्या कायद्याने वसाहतींच्या लाकडावरील आयातकर उठल्यानंतर जमैकातून, आणि पुढे होंडुरासच्या आखातातून, मोठ्या प्रमाणावर इंग्लंडला येऊ लागली. त्या आखातालगतच्या जंगलांत झाडे शोधणे, तोडणे, ओंडके चौरसणे आणि पावसाळी पुरात नदीतून वाहून नेणे ही जीवघेणी कामे आफ्रिकी वंशाच्या गुलामांकडून करवून घेतली जात. कुलचिन्हांनी मिरवणाऱ्या या खुर्च्यांच्या इतिहासात त्या माणसांना पहिले स्थान मिळायला हवे, कारण कारागिराचे नाव कधी शिक्क्यावर, कधी हिशेबवहीत सापडते, त्यांचे बहुधा कुठेच नाही.

पुढे वारसाकर आणि घटलेले शेतीचे उत्पन्न यांमुळे अनेक प्रासादांतील सामान लिलावात निघाले आणि संच फुटले. अशा वेळी कुलचिन्हावरून मूळ घराणे ओळखता येते, मात्र तेवढ्यावर विसंबता येत नाही. चिन्ह नंतर रंगवलेले असू शकते, म्हणून जाणकार त्याच्या रंगाचा थर, लाकडाची झीज आणि बैठकीच्या खालची बाजू एकत्र तपासतात.