व्हिनेगरच्या फेसातून मातीचा सामू कळत नाही

गच्चीवरच्या बागेचा विषय निघाला की हा सल्ला हमखास मिळतो. दोन वाट्यांत माती घ्या. एकीत व्हिनेगर ओता, दुसरीत खाण्याच्या सोड्याचं पाणी. पहिली फसफसली तर माती विम्ल, दुसरी फसफसली तर आम्ल आणि काहीच झालं नाही तर सामू (pH) बरोबर ७! यातलं शेवटचं विधान साफ चूक आहे आणि पहिली दोनही भरवशाची नाहीत.

व्हिनेगर मातीवर फसफसतं ते चुनखडीमुळे. आम्ल आणि कॅल्शियम कार्बोनेट एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचाच हा फेस. मृदाशास्त्रज्ञही मातीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतात, पण अमेरिकी कृषी खात्याच्या ‘सॉइल सर्व्हे मॅन्युअल’मध्ये ही चाचणी कार्बोनेट ओळखण्यासाठी दिली आहे, सामू मोजण्यासाठी नाही. कुंडीत अंड्याच्या टरफलांचा चुरा टाकला असेल, तर मातीचा सामू ६.५ असला तरी तो चुरा फसफसेल. उलट सामू ७.५ असूनही चुनखडी नसेल, तर फेस दिसणार नाही.

सोड्याची परीक्षा तर आणखी कच्ची. सामू ५.५ असताना लिटरभर पाण्यात मोकळे हायड्रोजन आयन असतात जेमतेम ३ मायक्रोग्रॅम. बाकीची आम्लता मातीच्या कणांना धरून असते. मग फेस येणार कुठून? कोकणातली जांभ्याची आम्ल मातीही अशा वेळी ‘उदासीन’ ठरते.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. सामू एकाने वाढला की आम्लता दहापटीने घटते. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, मोसंबी-द्राक्षाची कोवळी पानं पिवळी पडतात. तिथे सामू उतरवायला व्हिनेगर ओतणं व्यर्थ आहे. चुनखडी ते आम्ल संपवून टाकते.

मग मोजायचं कशाने? बाकीचे समज थोडक्यात:

‘लिटमस पुरे.’ तो आम्ल की विम्ल एवढंच सांगतो, आकडा नाही.

‘रंगपट्टी अचूक असते.’ ती ढोबळ अंदाज देते. गढूळ पाण्यात रंग फसवा दिसतो, म्हणून आधी पाणी गाळून घ्या.

‘बिनबॅटरीचा दोन सळ्यांचा मीटर मातीत खुपसला की झालं.’ त्याचा काटा मातीतल्या ओलीवर आणि क्षारांवरही हलतो. त्यावर विसंबू नका.

‘डिजिटल पेन म्हणजे बिनचूक.’ सामू ४ आणि ७ च्या बफर द्रावणांत जुळवलेलं असेल आणि काचेचा बल्ब कोरडा पडलेला नसेल, तरच.

घरी पेन वापरायचंच तर कुंडीतल्या तीन-चार ठिकाणची माती एकत्र करा, एक भाग मातीला अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी घाला, ढवळून अर्धा तास ठेवा, पुन्हा ढवळून मोजा. माती परीक्षण प्रयोगशाळेतही काचेच्या इलेक्ट्रोडने साधारण असंच मोजतात. मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ घटकांत सामूबरोबर क्षारता आणि सेंद्रिय कर्बही असतो. शेतकऱ्यांनी तीच वाट धरावी. चुना, गंधक किंवा जिप्सम मातीत टाकण्याआधी आकडा हातात हवा. व्हिनेगर स्वयंपाकघरातच राहू द्या.