तीन मिनिटं, सात इंच

तुमच्या फोनवर आत्ता किती गाणी आहेत? राहू दे, मोजू नका. ‘सगळी’ हेच खरं उत्तर. महिन्याला एका पिझ्झापेक्षा कमी पैसे भरले की अख्ख्या जगाचं म्युझिक खिशात. बोरिवली ते चर्चगेट एका पायावर उभं राहून जाणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

असं असताना माझ्या ओळखीतली काही मंडळी (चांगल्या नोकरीतली, डोकं ठिकाणावर असलेली) एकेका गाण्यासाठी हजारो रुपये का मोजतात? तेही फोनवर आयतं मिळणाऱ्या गाण्यासाठी! आणि गाणं तरी कसलं? तीन मिनिटांचं, तीन कॉर्ड्सचं. गायकाचा घसा बसलेला, गिटार अर्धवट सुरात, आणि सगळं मिळून कुणीतरी पत्र्याच्या डब्यात बसून रेकॉर्ड केल्यासारखं. ही मंडळी म्हणजे पंक आणि गॅरेज रॉकचे फॅन्स. त्यांचं दैवत म्हणजे सात इंचांची, मिनिटाला ४५ फेरे मारणारी तबकडी. आजोबा तिला नुसतं ‘रेकॉर्ड’ म्हणायचे. हे लोक ‘सेव्हन इंच’ म्हणतात आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणतात, देवळात आल्यासारखा.

आधी एक फंडा क्लिअर करू. विनाइलचा आवाज ‘उबदार’ असतो म्हणून हे सगळं चालतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर विसरा. जॅझ ऐकणाऱ्यांनी किंवा जुन्या ख्यालगायनाच्या एलपी जपणाऱ्यांनी ते म्हणावं, त्यांना शोभतं. गॅरेज रॉकमध्ये मुळात आवाजच कळकट. त्याला ऊब कुठून येणार? इथली भानगड वेगळी आहे. ही तबकडी नसती तर ही गाणी झाली होती, याचा पुरावाच उरला नसता.

गॅरेज म्हणजे आपल्या नाक्यावरचं स्कूटर दुरुस्तीचं नव्हे हं. अमेरिकेत घराला लागून गाडी ठेवायची खोली असते, ती. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही शोमध्ये वाजवून गेले आणि तिकडच्या गावागावांतल्या पोरांनी बाबांची गाडी बाहेर काढून आत ड्रम मांडले. चार पोरं, दोन गिटार, शेजाऱ्यांच्या तक्रारी. जवळपासच्या स्टुडिओत एक दुपार घ्यायची, सात इंचांच्या काहीशे तबकड्या काढायच्या, गावच्या रेडिओ स्टेशनवर एक नेऊन द्यायची. मग कुणी कॉलेजला गेलं, कुणाला व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्याचं बोलावणं आलं. बँड संपला. एक रेकॉर्ड, पुढची बाजू, मागची बाजू, बस्स.

या पोरांचं राष्ट्रगीत मात्र बीटल्सच्या त्या शोच्याही आधीचं. पोर्टलंडच्या ‘द किंग्समेन’नी १९६३ मध्ये रेकॉर्ड केलेलं ‘लुई लुई’. मूळ गाणं रिचर्ड बेरीचं, १९५७ चं, घरी परतायला आसुसलेल्या एका खलाशाचं. किंग्समेनचं रेकॉर्डिंग पन्नासेक डॉलरमध्ये उरकलेलं. माइक गायकाच्या डोक्यावर उंच टांगलेला, त्यामुळे बिचारा मान वर करून ओरडतोय. गिटारचा तुकडा संपल्यावर तो चुकून लवकर सुरू होतो, थांबतो, परत सुरू होतो. ती चूक तशीच ठेवली! शब्द तर एकही कळत नाही. झालं, अमेरिकेतल्या आईबापांना वाटलं यात नक्की काहीतरी अश्लील आहे. प्रकरण थेट एफबीआयकडे. त्यांनी दोनेक वर्षं तपास केला. निष्कर्ष काय, तर रेकॉर्ड कुठल्याही स्पीडने लावली तरी शब्द समजत नाहीत. सरकारी पैशाने केलेलं इतकं प्रामाणिक संगीत-समीक्षण मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

‘लुई लुई’ हिट झालं म्हणून टिकलं. बाकीच्या शेकडो गाण्यांचं काय? ती वाचली एका दुकानातल्या पोरामुळे. लेनी केय न्यूयॉर्कमध्ये जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात काम करायचा. चार-पाच वर्षांपूर्वीच येऊन गेलेली आणि तेवढ्यात लोक विसरलेली ही सिंगल्स त्याने जमवली, त्यातली २७ निवडली, आणि १९७२ मध्ये एलेक्ट्रा कंपनीने ‘नगेट्स’ नावाचा डबल अल्बम काढला. आतल्या मजकुरात केयने या पोरांच्या वाजवण्याला ‘पंक रॉक’ म्हटलं. सेक्स पिस्टल्सचा तेव्हा पत्ताही नव्हता. पुढे हाच केय पॅटी स्मिथच्या बँडमध्ये गिटार वाजवायला गेला, आणि ‘नगेट्स’ ऐकून कुठे कुठे किती पोरांनी बँड काढले याला गणतीच नाही. म्हणजे बघा, कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी खोक्यात त्या तबकड्या पडून होत्या, म्हणून पंकला पूर्वज मिळाले.

मग आला १९७६ चा इंग्लंड. मला विचाराल तर पंकमधली सगळ्यात भारी गोष्ट उभे केस, सेफ्टी पिन वगैरे नाहीच. ती आहे मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ची ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची चार गाण्यांची तबकडी. लंडनच्या कंपन्या दारात उभं करणार नाहीत हे माहीत होतं. पोरांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ ला चारही गाणी एका दिवसात रेकॉर्ड केली, आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्या ‘न्यू हॉर्मोन्स’ लेबलवर १,००० प्रती काढल्या. कव्हरवर मॅनेजरने पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेला फोटो. आणि मागे काय छापलं होतं? कुठलं गाणं कितव्या टेकला ओके झालं, ते! हलवायाने जिलेबीच्या पुड्यावर कृती छापून द्यावी तसं. त्या हजार प्रती संपल्या, पुढे आकडा १६,००० वर गेला.

त्यातली गंमत कळली का? गाण्यांच्या कंपनीला तुमचं तोंड, तुमचा आवाज, तुमचं भवितव्य सगळं बघायचं असतं. रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याला यातलं काही पडलेलं नसतं. पैसे टाका, तबकड्या न्या. लग्नपत्रिका छापतात तसंच. हे एकदा पोरांच्या लक्षात आल्यावर मग कोण थांबतंय? लग्गेच गावोगावी घरगुती लेबलं निघाली. डेरीच्या ‘द अंडरटोन्स’नी १९७८ मध्ये ‘टीनएज किक्स’ काढलं ते बेलफास्टच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ या रेकॉर्डच्या दुकानाच्या लेबलवर. बीबीसीच्या जॉन पीलने ते रेडिओवर लावलं आणि संपल्यावर लगेच पुन्हा लावलं. असं कुणी करत नाही. पीलने केलं.

फॅन लोक या तबकड्या दिव्याखाली तिरक्या धरून काय बघतात, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. शेवटच्या गाण्याच्या रेघा संपल्या की लेबलपर्यंत एक कोरी पट्टी असते. रेकॉर्ड तयार होताना आधी लॅकर चढवलेल्या एका चकतीवर गाण्याच्या रेघा कोरतात, तिच्यावरून धातूचे साचे होतात, आणि त्या साच्यांत गरम पीव्हीसी दाबून तबकड्या निघतात. मूळ चकती कोरणारा माणूस त्या कोऱ्या पट्टीवर नंबर खरवडतो. कधी स्वतःची सही, कधी एखादा पाचकळ जोक. जॉर्ज पेकम नावाचा इंग्लिश कटिंग इंजिनियर ‘पोर्की’ या टोपणनावाने सही करायचा. त्याची सही दिसली की कलेक्टर खूश! कारण ते एका माणसाच्या हाताचं अक्षर आहे. स्ट्रीमिंगमध्ये हे कुठे शोधणार?

आपल्याकडे काय होतं, असा प्रश्न आलाच असेल मनात. होतं, आणि जबरा होतं. इम्पीरियल टोबॅको कंपनी, म्हणजे आजची आयटीसी, तिच्या ‘सिम्ला’ सिगारेटच्या नावाने अखिल भारतीय बीट कॉन्टेस्ट भरवायची. (सिगारेट कंपनी रॉकची स्पर्धा घेतेय, आज कल्पना करून बघा!) त्यातल्या बँड्सच्या दोन एलपी निघाल्या, ‘सिम्ला बीट ७०’ आणि ‘सिम्ला बीट ७१’. मद्रासचे ‘कन्फ्यूजन्स’, बंगलोरचे ‘डायनोसॉर्स’, आपल्या मुंबईचे ‘व्हेल्व्हेट फॉग’. परदेशी गिटार मिळणं म्हणजे लॉटरी लागण्याचे ते दिवस, आणि रेकॉर्ड कंपन्यांचं सगळं लक्ष सिनेमाच्या गाण्यांवर. तरी ही पोरं अशी काही वाजवलीत की ऐकताना चाट पडायला होतं. या पिढीची गोष्ट सिद्धार्थ भाटिया यांच्या २०१४ च्या ‘इंडिया सायकेडेलिक’ या पुस्तकात आहे, जरूर वाचा. त्या दोन एलपी फिरत फिरत परदेशी कलेक्टरांच्या हाती लागल्या आणि तिकडे त्या पुन्हा काढल्या गेल्या. आपलं गाणं, आपल्या पोरांचं, आणि आपल्यालाच ते फॉरेनहून मागवायची वेळ. पण ज्या बँड्सची रेकॉर्डच निघाली नाही, त्यांचं तेवढंही झालं नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आता सगळं क्लाउडमध्ये सेफ असतं. असतं का? मार्च २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत गेलं. अंदाज पाच कोटी गाण्यांचा होता. बारा वर्षांचे जगभरातले गॅरेजमधले, बेडरूममधले, हॉस्टेलच्या गच्चीवरचे बँड... डिलीट.

आमच्या घरातलीच गोष्ट सांगते. माझा मावसभाऊ आता चाळिशीला टेकलाय, हिंजवडीत मॅनेजर आहे, पोट सुटलंय. २००६ मध्ये हाच दादा पुण्यात एका पंक बँडचा गायक होता. (बँडचं नाव छापू नकोस म्हणालाय. खरंच छापण्यासारखं नाही!) प्रॅक्टिस कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, म्हणजे आमचं आपलं गॅरेजच. पाच गाणी. त्यातलं एक मराठीत, पीएमटीच्या बसवर. घरच्या कॉम्प्युटरवर तीस सीडी बर्न केल्या, कर्वे रोडवर झेरॉक्स काढून कव्हरं केली, मार्करने नावं लिहिली. तीस रुपयांना एक. पुढे त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क उडाली. सीडी कुणाकुणाकडे गेल्या, पत्ता नाही. बँडचा ड्रमर २०२१ मध्ये कोविडने गेला, आणि त्याच्या आठवणी काढायला सगळे जमले तेव्हा लक्षात आलं की त्याचं वाजवणं कुणाकडेच नाही. फोटो ढीगभर. आवाज शून्य.

गेल्या दिवाळीत बेसिस्टच्या आईला सांगलीच्या घरी साफसफाईत एक सीडी सापडली. दादाने मला फोन केला. घरात एकाकडेही सीडी ड्राइव्ह नाही! ऑफिसातल्या कुणाचा तरी जुना लॅपटॉप आणला. चार गाणी नीट वाजली. पाचव्यात, पीएमटीच्या गाण्यात, मध्यावर सीडी अडकते. तरी प्रत्येक गाण्याआधी त्या मुलाने काठ्या आपटत मोजलेलं ‘एक, दोन, तीन, चार’ स्पष्ट ऐकू येतं. दादा काही बोलला नाही. मग थोड्या वेळाने म्हणाला, “याची रेकॉर्ड काढायला किती पडतील गं?”

पडतात बरेच. हीच या छंदातली सध्याची कटकट. विनाइल फॅशनमध्ये आलं. २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच. ऐकायला छान वाटतं, पण कारखाने मोजके. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातली अपोलो मास्टर्स जळाली. त्या लॅकरच्या चकत्या बनवणाऱ्या जगात दोनच मोठ्या कंपन्या होत्या, त्यातली ही एक. मोठ्या स्टार्सच्या लाखालाखांच्या ऑर्डरी आल्यावर तीनशे प्रतींवाल्या पंक बँडला कोण विचारतो? तेव्हा महिनोन् महिने वेटिंग असायचं. जॅक व्हाइटने २०१७ मध्ये डेट्रॉइटला स्वतःचा छापखानाच टाकला होता. २०२२ मध्ये त्याने मोठ्या कंपन्यांना जाहीरपणे सांगितलं, बाबांनो, तुमचे कारखाने तुम्ही बांधा. गरिबाची तबकडी आता ड्रॉइंगरूममधला शोपीस झालीय, हे मला तरी जाम खटकतं. म्हणून बरेच बँड पुन्हा कॅसेटकडे वळलेत. कॅसेट घरी कॉपी करता येते, स्वस्त पडते, आणि बिघडली तर पेन्सिल आहेच. दादाही तूर्तास कॅसेटवरच आलाय. पन्नास काढायच्या म्हणतो. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

तुम्हाला सुरुवात करायचीच असेल तर सुटकेससारखा दिसणारा स्वस्त प्लेअर टाळा, त्याची सुई जड असते, तबकडी खाते. दोनतीन महिने थांबा, थोडा बरा घ्या. अमेरिकन ‘फॉर्टीफाइव्ह’ला मधलं भोक मोठं असतं, त्यासाठी प्लास्टिकची चकती लागते, ती आधीच मागून ठेवा, नाहीतर रेकॉर्ड हातात आणि नुसता जीव खालीवर. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. माहीमचा ‘रिव्हॉल्व्हर क्लब’ ठाऊक नसेल तर माहीत करून घ्या. गिगला गेलात आणि बाहेर टेबलावर बँड स्वतः काही विकत बसला असेल, तर एक घ्याच, मग प्लेअर असो वा नसो.

आणि चोर बाजारात हिंदी सिनेमांच्या ढिगाखाली ‘सिम्ला बीट’ची ओरिजिनल प्रत कधी हाताला लागलीच, तर चेहरा शक्य तितका कोरा ठेवा. घासाघीस जास्त करू नका, दुकानदाराला संशय येतो. पैसे द्या, बाहेर या, आणि मग ऑफिसच्या पत्त्यावर मला आधी कळवा. आणायला मी स्वतः येईन.