आधी कुठला माल घ्यायचा? गिरणीतल्या क्रमाचं गणित

लालबाग-परळच्या गिरण्या म्हटलं की भोंगा आठवतो, 1982 चा संप आठवतो. आज बोलूया गिरणीच्या आतल्या एका प्रश्नावर: ऑर्डरी तीन, यंत्रं तीच, मग आधी कुठली घ्यायची?

वार्पिंग खात्यात उभे धागे बीमवर गुंडाळतात. असे अनेक बीम एकत्र लावून सायझिंग खात्यात धाग्यांना खळ देतात. मग ते साच्यांवर, म्हणजे मागांवर चढतात. मेख अशी, की सेटमधला शेवटचा बीम भरल्याशिवाय सायझिंग सुरूच होत नाही.

आता समजा, आकडे फक्त हिशेबापुरते:

धोतर: वार्पिंग 5 तास, सायझिंग 2
चादर: वार्पिंग 1, सायझिंग 6
लाँगक्लॉथ: दोन्हीकडे 4-4

याच क्रमाने काम घेतलं तर सायझिंग पहिले 5 तास रिकामं बसतं आणि सगळं संपायला 17 तास लागतात. आता चादर आधी, मग लाँगक्लॉथ, शेवटी धोतर असं करून बघा. 13 तासांत काम खल्लास! यंत्र वाढवलं नाही, माणूस वाढवला नाही, तरी 4 तास वाचले.

हा नियम एस. एम. जॉन्सन यांनी 1954 साली मांडला. सगळ्यात छोटा आकडा शोधा. तो पहिल्या यंत्राचा असेल तर ते काम सुरुवातीला घ्या, दुसऱ्या यंत्राचा असेल तर शेवटी ठेवा. उरलेल्यांना पुन्हा तेच. कारण सोपं आहे: दुसरं यंत्र लवकर सुरू झालं पाहिजे आणि शेवटी त्याच्याकडे थोडंच काम उरलं पाहिजे.

पण सावधान. हा नियम दोन टप्प्यांपुरता पक्का. तीन-चार खाती आली की इतकं सोपं सूत्र उरत नाही. शिवाय खळीचा प्रकार बदलला की यंत्र धुवावं लागतं, त्याचा वेळ वेगळा. तेव्हा सगळ्यात अडणारं खातं कुठलं ते आधी ओळखायचं आणि ते रिकामं राहणार नाही असा क्रम लावायचा.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही बरं का. विणकराला पगार कापडावर मिळायचा. बीम उशिरा आला की साचा बंद, आणि साचा बंद म्हणजे त्याची कमाई बंद. क्रम ठरवायचा ऑफिसात, पण चुकला तर त्याची झळ चाळीतल्या चुलीपर्यंत पोचायची.

तुमच्या कारखान्यात कुठलं यंत्र वाट बघत बसतं? कळवा नक्की. भेटू पुढच्या भागात!