फुकटचा अनुभव कुणाच्या फायद्याचा?

कॅनडात नव्याने गेलेल्या आमच्या शिकलेल्या पोरांपुढे पहिला प्रश्न येतो, 'इथला अनुभव आहे काय?' अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही! मग सल्ला मिळतो, स्वयंसेवक व्हा. फूड बँकेत, ग्रंथालयात सेवा जरूर करावी. ओळखी होतात, शिफारस मिळते. परंतु नफेखोराच्या दुकानात फुकट राबणे ही सेवा नव्हे, वेठ आहे, असे आम्ही म्हणतो. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली ही अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरवली. १ जानेवारी २०२६ पासून तेथे २५ वा अधिक कामगार असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत ती घालण्यास मनाई आहे. कायदा वाचा, घामाचे दाम मागा. आम्ही वेठ झुगारली, ती समुद्रापार पुन्हा डोक्यावर घेण्यासाठी नव्हे!