काळ्यावरची पांढरी रेघ



चित्रकलेच्या तासाला तुम्हांला सगळ्यांत जास्त कशाची गरज लागते? कागदाची? रंगांची? आमच्या वर्गात तरी सगळ्यांत जास्त मागणी असते ती रबराची! "बाई, रबर द्या ना!" मागच्या महिन्यात एका मुलाने फूल खोडता खोडता कागदाला भोकच पाडलं. मग वही मिटून म्हणाला, "मला नाही जमत." त्याला जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हांला सांगते. ही गोष्ट आहे एका चित्राची. ते थेट धातूवर काढतात आणि काम पूर्ण झालं, की ते दिसेनासं होतं!

छत्रपती संभाजीनगरला बीबी-का-मकबरा पाहायला आलात, की इथल्या हस्तकलेच्या दुकानांतही जरूर डोकावा. तिथे काळ्याभोर सुरया, डब्या, तबकं दिसतील आणि त्यांवर चांदीची चमचमती वेलबुट्टी. ही बिदरी. कर्नाटकातल्या बिदर शहरावरून हे नाव पडलं. बहमनी सुलतानांच्या काळापासून ही कला तिथे वाढली. बिदर आणि आपलं शहर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. इथल्या बिदरीवर तर अजिंठ्याच्या चित्रांतल्या आकृतीही उतरतात.

आता गंमत पाहा. ही भांडी मुळात काळी नसतातच! साच्यात ओततात तो धातू म्हणजे पुष्कळसं जस्त आणि थोडंसं तांबं. कानशीने घासून गुळगुळीत केलेलं भांडं करड्या रंगाचं दिसतं. त्यावर बारीक रेघ मारली, तर ती नीट दिसणार कशी? म्हणून कारागीर त्यावर मोरचुदाचं पाणी चोळतो. मोरचुदात तांबं असतं. जस्ताला ते लागलं, की तांब्याचा पातळसा काळपट थर बसतो. झाली की नाही पाटी तयार?

या पाटीवर पोलादी टोकाने नक्षी काढायची. गोल आणि समान भाग पाडायला परकार असतो. तुमच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाचाच हा भाऊ! पण फुलं, पानं, वेली मात्र हातानेच. खालचा धातू उजळ असल्यामुळे काळ्यावर पांढरी रेघ उमटते.

सुरईचं पोट मोठं, मान बारीक. म्हणजे पोटावरची बुट्टी मानेवर तेवढीच काढून चालेल का? नाही. वर जाताना ती लहान लहान होत गेली पाहिजे. वेल फिरून आली, की तिची दोन्ही टोकं बरोब्बर जुळली पाहिजेत. हे सगळं गणित कारागिराला नजरेनेच करावं लागतं.

मग छिन्नी आणि हातोडी. रेघेवरून खाच कोरायची, तिच्यात चांदीची तार ठोकून बसवायची. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात. रुंद पाकळीसाठी चांदीचा पत्रा कापून बसवतात. मग सगळं पुन्हा घासून सपाट! मोरचुदाचा काळा थर गेला, रेघा गेल्या. चांदीही आता नीटशी ओळखू येत नाही.

शेवटी कामाला येते माती! बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात कालवून तापलेल्या भांड्याला लावतात. जस्ताचा धातू काळा कुळकुळीत होतो, चांदीला मात्र काहीच होत नाही. मग तेलाचा हात फिरवला, की वेल लखकन उठून दिसते.

मित्रांनो, कागदावर काढलेला नकाशा कपाटात जपून ठेवता येतो. दोनशे वर्षांनीही तो उघडून पाहता येतो. भांड्यावर काढलेली ही रेघ कशी ठेवणार? ती राहते कारागिराच्या हातात, आणि त्याच्या शेजारी बसून शिकणाऱ्याच्या हातात. शेजारी कुणी बसलंच नाही, तर भांडी संग्रहालयात राहतील, पण ती काढणारा हात राहणार नाही. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली 'पद्मश्री' मिळाली, तेव्हा म्हणूनच फार आनंद झाला.

तुम्हीही करून पाहा. जाड कागदावर पांढरा किंवा पिवळा मेणखडू दाबून घासा. त्यावर काळा मेणखडू घासा. आता टाचणीऐवजी रिकाम्या रिफिलच्या टोकाने वेल काढा. अट एकच : रबर वापरायचं नाही!

आमच्या वर्गात हे केलं, तेव्हा त्या मुलाची एक पाकळी भलतीच मोठी झाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. थोडा वेळ विचार करून त्याने त्या पाकळीचं पान करून टाकलं आणि वेल तिथून पुढे नेली. वही मात्र मिटली नाही.