जंतूंची पोथी

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्यास १९१९ सालीं प्रारंभ झाला व १९६६ सालीं तें कार्य पूर्णत्वास गेलें. अशा कार्यांतील एक तत्त्व असें कीं, नक्कल करतांना लेखनिकाच्या हातून झालेली चूक त्या नकलेवरून उतरलेल्या सर्व प्रतींत आढळते. म्हणून चुकांचा मेळ घातला असतां कोणती पोथी कोणत्या पोथीच्या कुळांतील, हें सांगतां येतें. रोगजंतूंची वंशावळ शोधणारी अर्वाचीन विद्या याच तत्त्वावर उभी आहे.

प्रत्येक जंतूच्या देहांत त्याच्या गुणधर्मांचा एक लेख असतो. तो चार रासायनिक द्रव्यांच्या मालिकेनें बनलेला असल्यामुळें चार अक्षरांच्या लिपीची उपमा त्याला चांगली साजते. प्लेगच्या जंतूचा लेख सुमारें ४६ लक्ष अक्षरांचा असून तो २००१ सालीं प्रथम संपूर्ण वाचला गेला. एका जंतूचे दोन जंतु होतांना या लेखाची नक्कल होते. क्वचित् एखादें अक्षर चुकतें, आणि ती चूक पुढील पिढ्यांत उतरते.

चौदाव्या शतकाच्या मध्यांत युरोपांत जी महामारी उसळली, तिनें तेथील लोकसंख्येचा तिसरा हिस्सा तरी गिळून टाकला. ती प्लेगचीच होती काय, याविषयीं इतिहासकारांत दीर्घकाल वाद होता. लंडन शहरांत ईस्ट स्मिथफील्ड येथें १३४८-४९ मधील बळींसाठीं मुद्दाम राखलेली दफनभूमि होती. तेथील सांगाड्यांचे दांत शास्त्रज्ञांनीं तपासले. दांताच्या पोकळींत जिवंतपणीं रक्त खेळत असतें. त्यामुळें रक्तांतील जंतूंचे अवशेष तेथें टिकून राहतात. ते अर्थातच तुकड्यातुकड्यांचे होते. फाटलेल्या पोथीचे कपटे संपूर्ण प्रतीशेजारीं ठेवून जुळवावे, तसे ते जुळविले गेले, आणि २०११ सालीं तो लेख प्रसिद्ध झाला. जंतु प्लेगचाच निघाला. साडेसहाशे वर्षांचें अंतर असूनही २००१ सालीं वाचलेल्या जंतूशीं त्याचा फरक अवघ्या शंभरेक अक्षरांचा होता!

पुढें या कुळाचें मूळ शोधतांना संशोधक मध्य आशियांत, किर्गिझस्तानांतील इस्सिक-कुल सरोवराजवळच्या थडग्यांकडे वळले. तेथील कित्येक शिलांवर १३३८-३९ हीं वर्षें कोरलेलीं असून कांहींवर महामारीनें आलेल्या मृत्यूचा उल्लेख आहे. त्या मृतांच्या दांतांतील जंतु लंडनच्या जंतूचा पूर्वज असल्याचें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. मुंबईचा प्लेगही याच कुळांतील. हाँगकाँग येथें १८९४ सालीं यर्सिन यांनीं जो जंतु शोधून काढला, तोच १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत प्रकट झाला, डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं त्या रोगाचें निदान केलें. हिंदुस्थानांत पुढील काळांत त्यानें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

या वाचनाचें तात्पर्य गंभीर आहे. जंतु फारसा पालटलेला नाहीं. पालटलीं आहेत तीं माणसाचीं साधनें. उंदीर व पिसवा यांविषयींचें ज्ञान, घरांची स्वच्छता आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखीं औषधें, हीच आजची तटबंदी होय. परंतु तिलाही भगदाड पडूं शकतें. मादागास्कर बेटावर १९९५ सालीं एका रोग्याच्या देहांत असा जंतु आढळला कीं, ज्यावर नेहमींचीं अनेक औषधें चालेनात. त्याची ही शक्ति मुख्य लेखांत नसून एका सुट्या, वलयाकार पुरवणींत सांठविलेली होती. ती पुरवणी वाचून २००७ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां तिच्याशीं पुष्कळ साम्य असलेल्या पुरवण्या अमेरिकेंतील दुकानांत विकल्या जाणाऱ्या मांसावरील अन्य जंतूंतही सांपडल्या. म्हणजे एक जंतु दुसऱ्यापासून असें पान उसनें घेऊं शकतो.

पोथीच्या अभ्यासकाला घाई नसते. रोगाच्या बाबतींत तसें नाहीं. रोग्यापासून मिळालेल्या जंतूचा लेख वेळेवर वाचला, तर साथ कोणत्या कुळांतली आणि कोणतें औषध व्यर्थ जाण्याचा संभव आहे, याची सूचना मृतांची गणती वाढण्यापूर्वींच मिळते. त्या सूचनेप्रमाणें वागणें मात्र माणसाच्याच हातीं आहे.